जिन्यावरचे नागपूर

राजाराम मिठबावकर मास्तरांनी जन्मात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते, आणि ते पत्र नेमके सरकारचे होते. आषाढात आलेले ते पत्र त्यांनी शाळेच्या मोठ्या नकाशासंग्रहात दक्षिण ध्रुवाच्या पानात ठेवून दिले. त्या पानावर शाळेत कधी कोणी जात नसे.

खरे तर पत्रे लिहिणे हा मास्तरांच्या हातचा मळ. लालबागच्या त्या चाळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांची गावाकडची पत्रे त्यांच्याच अक्षरात जात. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या भावाने बांध सरकवला, हे सगळे मास्तर संध्याकाळी गॅलरीत बसून अगदी बिनचूक लिहून देत. पत्र दुसऱ्याचे असले की त्यांची लेखणी घोड्यासारखी धावे. स्वतःचे लिहायचे म्हटले की तिला पाय फुटत नसत.

आणि खात्याने विचारले होते तरी काय? दसऱ्यानंतर नागपूर मुक्कामी भूगोलाच्या शिक्षकांचे शिबिर भरणार होते. विदर्भ नुकताच आपल्या राज्यात आला होता, त्याची शिक्षकांना ओळख व्हावी हा हेतू. जाण्यायेण्याचा खर्च सरकारचा. ‘आपण येणार किंवा कसे, ते कळवावे.’ एका शब्दाचे काम होते.

पण त्या एका शब्दाआड सह्याद्री उभा होता. मास्तर केस पांढरे होईपर्यंत भूगोल शिकवत आले होते, आणि त्यांनी घाट कधी ओलांडलाच नव्हता. गावी जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, यायचे तेही बोटीने. पावसाळ्यात बोट बंद झाली की गावी जाणेही बंद. सह्याद्री त्यांनी आयुष्यभर पाहिला तो डेकवरून, एकाच बाजूने, एखाद्या मोठ्या माणसाची पाठ पाहावी तसा. पलीकडच्या पठाराबद्दल मात्र ते वर्गात अशा खात्रीने बोलत, की तेवढी खात्री पठारावर जन्मलेल्या माणसालाही असणे कठीण. काळी माती त्यांनी पाहिली होती ती शाळेच्या कपाटातल्या बाटलीत. ती बाटली एकदा फुटली, तेव्हा नव्या बाटलीत त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, तुळशीच्या कुंडीतली माती भरून दिली होती. आता नागपुरास चार जाणकार शिक्षकांत कोणी सहज विचारले, ‘मिठबावकर, आपला अनुभव काय?’ तर काय सांगायचे? तुळशीचा?

पत्राच्या मागच्या बाजूला आणखी एक मजकूर होता. जी शाळा आपल्या राज्याचा उठावाचा, म्हणजे डोंगरदऱ्या उंचसखल दिसतील असा, नकाशा तयार करील, तिला खाते अनुदान देईल आणि वर साधनांची पेटीही. अट एकच, त्या शाळेचा शिक्षक शिबिरास आलेला असावा. मास्तरांनी अट वाचली आणि मग ती वाचली नाही असे मनाशी ठरवले. नकाशा अंगणात होणार होता, आणि अंगणात जायला घाट चढावा लागत नाही. मुख्याध्यापक नानांना त्यांनी पत्राची ती मागची बाजूच वाचून दाखवली.

“अनुदान?” नाना खुर्चीतून उठलेच. शाळेच्या इतिहासात हा शब्द फक्त ‘नाकारले’ या शब्दाला जोडून आलेला. “मास्तर, काढा नकाशा! अंगण तुमचं. पण ऐका, खात्यानं मान्य नाही केला तर दिवाळीआधी फोडून अंगण मोकळं करायचं. मुलांना कवायतीला जागा नाही राहायची.”

“होय,” मास्तर म्हणाले. शिबिराचे काही ते बोलले नाहीत. पुढे बघू, असे त्यांना वाटले. घाबरट माणसाला पुढचा काळ नेहमीच फार लांब वाटतो.

शाळा चाळीच्या तळमजल्यावर होती, त्यामुळे शाळेचे अंगण म्हणजे चाळीचेही अंगण. मास्तरांनी चुन्याने जमिनीवर राज्याची आकृती काढायला घेतली आणि तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसे जमली. काम करायला भिवा गवंडी आला. तो मागच्या चाळीत राहायचा. त्याची लेक शेवंती मास्तरांच्याच वर्गात होती, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून आल्यावर हात लावायला आपणहून तयार झालेला. मास्तर त्याला “भिवा, तुम्ही” म्हणत. मास्तर सगळ्यांनाच तुम्ही म्हणत. शाळेतल्या मांजरीलाही.

पहिला प्रश्न समुद्राचा. समुद्रात खरे पाणी हवे, असे मास्तरांच्या मनात होते. नळ आणि मोरी अंगणाच्या एका कडेला, तेव्हा अरबी समुद्र तिथेच येणार हे उघड झाले. समुद्र ठरला तसा किनारा ठरला, किनारा ठरला तसे कोकण ठरले, आणि इथेच घात झाला.

“मास्तरांनू,” वरून सुंदराबाई ओरडल्या, “आमचो चिंदर गाव खंय आसा?”

चिंदर हे गाव त्या मापाच्या नकाशात तिळाएवढेही आले नसते. पण चिंदर नाही असे सुंदराबाईंना तोंडावर सांगणे मास्तरांच्या स्वभावात बसत नव्हते. त्यांनी चिंदरसाठी एक चिमूट जागा सोडली. मग चिंदरच्या शेजारच्या गावाने काय पाप केले? मग खाडी हवी, खाडीपलीकडची वाडी हवी, वाडीतले देऊळ हवे. पहिल्या मजल्याला देवगड हवे होते, दुसऱ्याला राजापूर, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना फक्त आपल्या फणसाचे झाड. प्रत्येकाने आपल्या गावाहून आणलेली मूठभर लाल माती डबीत जपून ठेवली होती, ती डबी घेऊन माणसे खाली उतरू लागली. नाही कोणाला म्हणायचे? मास्तर सिमेंटच्या पाटीशी उकिडवे बसून एकेक गाव बसवत गेले, आणि कोकण फुगत गेले. सह्याद्री सरकत सरकत अंगणाच्या मध्यावर आला. पठाराला एक चटईभर जागा उरली.

“मास्तर, बेळगाव घातलंत का?” हा लवू. तो गिरणीत जॉबरच्या हाताखाली होता आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रत्येक मोर्चात पुढे असायचा. “बेळगाव, कारवार, निपाणी. त्याच्याबिगर नकाशा होऊ देणार नाय, सांगून ठेवतो.”

“पण खात्याचं म्हणणं, राज्य आहे तसं काढा,” मास्तर चाचरत म्हणाले. “म्हणजे गुजराथ, कच्छ, सगळंच.”

“द्विभाषिक राज्य? लालबागात?” लवूने कपाळावर हात मारला. “मास्तर, तुमाला या चाळीत राहायचं हाय ना?”

मास्तरांना शांतता हवी होती. रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली, की उठावाच्या नकाशात डोंगर आणि नद्या असतात, सीमा नसतात. ही तोड त्यांना फार आवडली. पण सकाळी पाहतात तो बेळगावच्या पलीकडून गेरूची जाड रेघ मारलेली. नानांनी ती पुसायला लावली. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा हजर. नाना पुसत राहिले, लवू ओढत राहिला, आणि त्या झटापटीत काठेवाड नळाच्या मागे गेले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

“लवू, तुम्ही बेळगावास गेला आहात का कधी?” मास्तरांनी एकदा भीतभीत विचारले.

“जायला कशाला पायजे?” लवू म्हणाला. “आपलंच हाय ते.”

या सगळ्या गडबडीत भिवाने काहीच मागितले नव्हते. एके दिवशी थापी धुताना मास्तरांना एकदम लाज वाटली. “भिवा, तुमचं गाव राहिलं की हो. कुठलं म्हणालात? मंडणगडच्या अंगाला ना? आहे, तिथे जागा आहे अजून.”

भिवा हसला. “गाव ऱ्हाऊ द्या मास्तर. गावानं आमाला विहिरीवर येऊ दिलं न्हाई, त्याला मी सिमेंटात कशाला बसवू? घालायचंच तर नागपूर घाला.”

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला भिवा नागपुरास जाऊन दीक्षा घेऊन आला होता. गेल्या दसऱ्यालाही जाऊन आला. मास्तरांनी नकाशाकडे पाहिले. नागपूर जिथे यायला हवे तिथून चाळीचा जिना सुरू होत होता. कोकणाने सगळे अंगण खाल्ले होते. विदर्भ थेट जिन्याखाली गेला होता, कोळशाच्या पोत्यांमागे.

“जागा उरली नाही हो,” मास्तर पुटपुटले. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले. चिंदरला जागा होती, फणसाच्या झाडाला होती.

भिवाने जिन्याकडे नीट पाहिले, गवंडी पाहतो तसे. “ही तिसरी पायरी चालंल,” तो म्हणाला. आणि त्याने पायरीच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक थर देऊन त्यात पांढऱ्या फरशीचा तुकडा बसवला. भोवतीने बोटाने एक गोल ओढला. बस्स, एवढेच नागपूर.

मास्तरांना वाटले, दोन दिवसांत मुलांच्या पायांनी ते झिजून जाईल. पण मुले ती पायरी गाळून चढू लागली. कोणी सांगितले नव्हते. खाली उतरतानाही दुसऱ्या कडेने उडी मारत. मग मोठी माणसेही अंग चोरून जाऊ लागली, आणि पाण्याच्या हंड्यांची वर जाणारी रांग तिथे आपोआप वळण घेऊ लागली.

श्रावणात नकाशाची परीक्षा झाली. सर आली, आणि मास्तर छत्री घेऊन नद्या वाहताना पाहायला धावले. नद्या वाहिल्या. कोकणातल्या वाहिल्या, त्या समुद्रात गेल्या. मग गोदावरी निघाली. ती नाशकापासून निघाली, क्षणभर पूर्वेकडे जाते असे वाटले, आणि वळून, सह्याद्री ओलांडून, चिंदर बुडवून, थेट अरबी समुद्रात आणि तिथून मोरीत गेली. अंगणाचा उतार मोरीकडे होता. इतक्या माणसांनी इतकी गावे बसवली, पण अंगणाच्या उताराचा विचार भूगोलाच्या मास्तरांना सुचला नव्हता. ते छत्री मिटून तसेच पावसात उभे राहिले.

“अहो, गोदावरीला काय कळतं पूर्व-पश्चिम?” आनंदीबाई गॅलरीतून म्हणाल्या. “घरात या आधी. डोकं पुसा.”

गणपतीत आणखी भर पडली. मुलांनी मातीचा इवला गणपती केला आणि पाचव्या दिवशी वाजतगाजत त्याचे विसर्जन अरबी समुद्रात केले. चार दिवस समुद्र गढूळ होता. आणि भादव्याचे ऊन पडताच सुंदराबाईंनी पठार सपाट आहे हे हेरून त्यावर पापड वाळत घातले. त्याच सकाळी खात्याचे साहेब आले.

साहेब अंगाने बारीक, चष्मा जाड. त्यांनी नकाशाला एक पूर्ण फेरी मारली. मुलेही त्यांच्या मागून कडेकडेनेच फिरली. पापडांशी थांबले. मग मुलांकडे वळले. “सांगा बरं, गोदावरी कुठे जाते?”

“मोरीत, साहेब!” सगळा वर्ग एका सुरात गरजला. निदान पाहिलेले खरे सांगायचे हे मास्तरांनीच शिकवले होते.

“आणि हे?” साहेबांनी पायरीकडे बोट केले.

“नागपूर!”

“नागपूर सह्याद्रीच्या वर?”

“आमच्यासाठी हाय, साहेब,” भिवा म्हणाला. त्या दिवशी तो मुद्दाम काम बुडवून आला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि त्याबद्दल पुढे काही विचारले नाही. मग हळूच म्हणाले, “मी वर्ध्याचा. वर्धा कुठे आलं?”

सगळ्यांनी जिन्याखालच्या कोळशाच्या पोत्यांकडे पाहिले आणि पटकन नजरा फिरवल्या.

“दुसऱ्या पायरीवर जागा हाय,” भिवा म्हणाला. “करून देतो.”

साहेब हसले असावेत. पण लगेच त्यांनी कागद काढला. “मिठबावकर, शिबिराचं उत्तर आलं नाही तुमचं.”

“कसलं शिबिर?” नानांनी विचारले.

मास्तरांच्या पायाखालचे अंगण खरोखरच उताराचे झाले. साहेबांनी शिबिर सांगितले, अट सांगितली. नाना मास्तरांकडे बघतच राहिले. तेव्हा लवूला मास्तरांची दया आली आणि त्याने करू नये ते केले. तो पुढे होऊन म्हणाला, “साहेब, आमच्या मास्तरांना शिबिर कशाला? सगळा देश पायाखाली घातलाय त्यांनी!”

“नाही हो, लवू,” मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मुलांनी माना पुढे केल्या. “मी घाटसुद्धा चढलेलो नाही. पलीकडे काय आहे, ते मी वाचलंय फक्त.”

मास्तरांना वाटले, आता हसतील. दुसऱ्या मजल्यावरून सुंदराबाई म्हणाल्या, “मगे काय झाला? आमी तरी खंय घाट बघितलो? बोटीत बसाचा, धक्क्यार उतराचा!” आजोबा म्हणाले, मीही नाही. कठड्याकठड्यावरून एकेक मान हलू लागली. शेवटी लवूने इकडेतिकडे पाहून आपली मान खाली घातली. सबंध चाळीने मिळून महाराष्ट्र बांधला होता, आणि भिवा सोडला तर त्यातल्या एकानेही डोंगरापलीकडे पाऊल टाकले नव्हते.

साहेब म्हणाले, “नकाशा चुकला आहे. पण मुलं त्याच्यावर पाय देत नाहीत, हे मी इतर कुठे पाहिलं नाही. दुरुस्त होईल तो. दुरुस्त करणारा शिकून आला पाहिजे. तुम्ही शिबिराला या, नकाशा राहील. नाही आलात तर मला लिहावं लागेल, की अंगण मोकळं करा. उत्तर या आठवड्यात टाका.” आणि सुंदराबाईंच्या हातचा एक भाजलेला पापड खाऊन ते गेले.

त्या दिवसापासून मास्तरांनी लेखणी हातात घेतली आणि खाली ठेवली. ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे’ असे लिहिले, ते फाडले. ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ लिहिले, तर आनंदीबाईंनी वाचून विचारले, “अडचण कोण? मी?” तेही फाडले. ‘येत आहे’ लिहायला घेतले, आणि ‘ये’ वर शाईचा डाग पडला. हा अपशकुन, असे त्यांनी मानले. शकुनअपशकुनावर त्यांचा विश्वास नव्हता, पण अडीअडचणीला तो कामी येई.

एका संध्याकाळी भिवा आला. हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून गॅलरीत मास्तरांसमोर बसला. “मास्तर, एक पत्र लिवून द्या.”

दुसऱ्याचे पत्र! मास्तरांच्या अंगात हुशारी आली. पोस्टकार्ड घेतले, लेखणी बुडवली. “सांगा.”

“नागपूरला आमचे शामराव हायत. दर सालाला मी त्यांच्याकडं उतरतो. लिवा, यंदाच्या दसऱ्याला मी येतो.”

‘यंदा दसऱ्यास येत आहे,’ मास्तरांनी लिहिले.

“संगती आमचे मास्तर येतायत. त्यांची शाळा भरणार हाय तिथं.”

लेखणी थबकली. पण पत्र भिवाचे होते, आणि सांगितले तसे लिहायचे हा मास्तरांचा नेम. त्यांनी लिहिले. ‘सोबत आमचे मास्तर येत आहेत.’ आपल्याच अक्षरात ते वाचून त्यांना कसेसेच झाले, जणू कोणी आधीच तिकीट काढून ठेवले आहे.

“नाशिक रोडच्या फुडं गोदावरीचा पूल लागतो,” भिवा मध्येच म्हणाला. “हे लिवू नका, हे तुमाला सांगतोय. मी जागं करीन तुमाला. कुठल्या बाजूला व्हाते, बघून घ्या एकदा.” मग तो हाताच्या घट्ट्यांकडे पाहू लागला. “आता लिवा. मास्तरांना आमच्या घरातली भाकर चालते का न्हाई, ते त्यांना इचारून मागनं कळवतो.”

आतल्या खोलीत आनंदीबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

मास्तरांनी चष्मा सारखा केला. मग सावकाश, प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारत, वर्गात शुद्धलेखन सांगावे तसे ते लिहू लागले. “मास्तरांना... आपल्या घरची भाकरी... चालते.” पुढे कार्डावर थोडी जागा उरली होती. संकोचाने त्यांनी भिवाकडे पाहिले. “भिवा, एक ओळ माझ्याकडून घालू का?”

“घाला की.”

“भात असल्यास उत्तम.”

भिवा इतका मोठ्याने हसला की वरच्या मजल्यावरून सुंदराबाईंनी “काय झाला?” म्हणून विचारले.

दुसरे कार्ड मास्तरांनी त्याच शाईत, त्याच बैठकीत लिहिले. ‘शिबिरास येत आहे. गोदावरी पूर्वेस वाहते असे मी मुलांना शिकवीत आलो आहे. ती प्रत्यक्ष पाहून हजर होतो.’ टीपकागदही लावला नाही. फुंकर मारत, पायांत चपला सरकवत ते जिन्याकडे निघाले. तिसऱ्या पायरीशी नेहमीसारखे अंग चोरून कडेने उतरले. नाक्यावरच्या पेटीत त्यांनी आधी भिवाचे कार्ड टाकले. ते तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकला, आणि मग त्याच्यामागोमाग आपले सोडले.